गप्प बसणारे गाव

मी मराठीचा प्राध्यापक आहे. म्हणजे बोलणे हा माझा धंदा आहे. दिवसाचे तीन-चार तास स्वतः बोलायचे आणि उरलेल्या वेळात ‘शांतता राखा’ म्हणून दुसऱ्यांवर ओरडायचे, यात माझी वीस वर्षे गेली. अशा माणसाने शांततेवर लिहावे याचे चतुर वाचकांना हसू येईल. येऊ द्या. दिवाळीचे दिवस आहेत, थोडे हसलेले बरेच.

त्यातून माझे आजोळ जुन्नर तालुक्यातले. हा तालुका गप्प बसण्याबद्दल प्रसिद्ध आहे असे त्याचा कट्टर अभिमानीही म्हणणार नाही. नारायणगावचे नाव काढले की कोणाला टोमॅटोच्या लिलावाचा गलका आठवतो, कोणाला तमाशाची ढोलकी. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. जत्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या तिथे उभ्या राहतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. तेवढ्याने भागले नाही म्हणून की काय, १९७० च्या दशकाच्या आरंभी साऱ्या देशाला परदेशाशी बोलता यावे यासाठी उपग्रहाचे जे पहिले भूकेंद्र उभारले, तेही जवळच्याच आर्वीला. एवंच, बोलणे या मातीतच आहे.

आणि याच मातीत, नारायणगावाहून पूर्वेला दहा-पंधरा किलोमीटर गेले की खोडद लागते. तिथे मात्र माळावर भल्यामोठ्या जाळीच्या ताटल्या उभ्या आहेत आणि जवळ गेले की फाटकावरचा माणूस अदबीने सांगतो, ‘साहेब, मोबाइल बंद करा.’

माझ्या मामांचा मळा तिथून फार लांब नाही. कुकडी आणि मीना या दोन नद्यांच्या मधला हा पट्टा. थोडा ऊस, थोडी द्राक्षे, थोडा कांदा. मामांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले आहे. ते मला लहानपणापासून ‘मास्तर’ म्हणतात. तेव्हा थट्टेने म्हणत, आता नाइलाजाने. एकदा बांधावर उभा राहून मी त्यांना विचारले, “मामा, या ताटल्यांचा तुम्हाला काही उपयोग?”

“न्हाई कसा? वाऱ्याचा अंदाज येतो,” ते म्हणाले. “वादळ व्हायला लागलं की समद्या छत्र्या तोंड वर करून उताण्या व्हत्यात. त्या उताण्या झाल्या की आम्ही बी कांद्यावर कागद टाकतो.”

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्या डोक्यात ही दुर्बीण प्रथम आली, त्या गोविंद स्वरूप यांना हा उपयोग कळला असता तर ते खूश झाले असते असे मला वाटते. गोष्ट खरी आहे. वारा मर्यादेबाहेर वाढला की या ताटल्या आकाशाकडे तोंड करून स्थिर ठेवाव्या लागतात. एकेक ताटली पंचेचाळीस मीटर व्यासाची. अशा तीस. चौदा खोडदच्या मध्यवर्ती माळावर, साधारण एका चौरस किलोमीटरात, आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात, जवळजवळ पंचवीस किलोमीटरांपर्यंत पसरलेल्या. म्हणजे एकच दुर्बीण, पण तिच्या अवयवांमधून ऊस उभा आहे, मेंढ्या चरत आहेत, एस.टी. धावत आहे. पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारेची जाळी ताणून बसवल्यामुळे वारा त्यातून निघून जातो, ताटली हलकी होते आणि खर्चही आटोक्यात राहतो. द्राक्षाच्या मांडवाखाली ज्याचा जन्म गेला त्या माणसाला ही तारेची युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

या दुर्बिणीला डोळा लावायचा नसतो. ती पाहत नाही, ऐकते. आकाशातून येणाऱ्या रेडिओ-लहरी ती टिपते, आणि त्या इतक्या क्षीण असतात की चंद्रावर कोणी एखादा मोबाइल फोन चालू ठेवला तर तो आकाशातल्या सर्वांत ठळक आवाजांपैकी एक ठरेल, असे शास्त्रज्ञ सांगतात. मग मळ्याशेजारच्या फोनची काय कथा! विजेच्या खांबावरचा एखादा सैल जोड चुरचुरत असेल तर तो शोधून दुरुस्त करून घेणे, हेही इथल्या अभियंत्यांचे काम. ज्यांना आठ-नऊ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन ऐकायचा आहे, त्यांना आधी आमच्या तालुक्यातला खांब ऐकावा लागतो.

असल्या अडचणी आपल्याकडेच येतात असे समजून कोणी खजील होऊ नये. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतात पार्क्स नावाचे गाव आहे. त्या गावाबाहेर मेंढ्यांच्या कुरणात १९६१ साली चौसष्ट मीटर व्यासाची एक दुर्बीण उभी राहिली. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याची चित्रे जगाला दाखवण्यात हिचा मोठा वाटा होता. तर या नामांकित दुर्बिणीला कित्येक वर्षे अधूनमधून एक चमत्कारिक संकेत ऐकू येई. तर्क लढवून लढवून पंडित थकले. २०१५ मध्ये उलगडा झाला. वेधशाळेतलाच कोणी भुकेला माणूस जेवण गरम करण्याच्या मायक्रोवेव्ह भट्टीचे दार, ती बंद होण्याआधीच उघडत असे! मामींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “गरम जेवणाची घाई झाली असंल बापड्याला.”

ऑस्ट्रेलियाचे नाव मी उगाच काढले नाही. खोडदचे त्या देशाशी नाते आहे, आणि ते खोडदच्या माळावर पहिली कुदळ पडण्याच्या कितीतरी आधीचे आहे. १९५३ साली चोवीस वर्षांचे गोविंद स्वरूप कोलंबो योजनेखाली सिडनीला गेले. रेडिओ-खगोलशास्त्र हे शास्त्रच तेव्हा नवे, आणि त्यात ऑस्ट्रेलिया अग्रेसर. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे एका जलाशयाच्या काठावर सहा-सहा फुटी बत्तीस ताटल्यांची रांग होती; तिने सूर्याचा वेध घेत. पुढे त्या ताटल्या तिथे नकोशा झाल्या, तेव्हा स्वरूपांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या, आणि ऑस्ट्रेलियाच्या लोकांनी त्या देऊनही टाकल्या. मध्ये बरीच वर्षे गेली, स्वरूप अमेरिकेत जाऊन आले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि अखेर १९६५ मध्ये त्या ताटल्या उभ्या राहिल्या, कोठे म्हणाल, तर आपल्या कल्याणला! जिथे आज आगगाडीच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्या कल्याणला. त्यानंतर उटीची मोठी दुर्बीण आणि मग खोडद. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगाच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली. स्वरूप २०२० मध्ये पुण्यात वारले.

हे सारे मी शहाण्यासारखे सांगत असलो तरी यातले बरेचसे मला माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवले आहे. बारावीला शास्त्र शाखेत असूनही त्याने मराठी विषय घेतला होता, आणि तो गुणांसाठी नव्हे, आवड म्हणून घेतला होता. असे विद्यार्थी नावानिशी लक्षात राहतात. घर खोडदजवळच्याच एका वाडीत. पुढे तो इंजिनियर झाला आणि आता पश्चिम ऑस्ट्रेलियात जेराल्डटन नावाच्या बंदराच्या गावी नोकरीला आहे. तिथून आत, उत्तर-पूर्वेला साडेतीनशे किलोमीटरांवर, जगातली एक अफाट रेडिओ-दुर्बीण उभी राहत आहे. तिचा दुसरा अर्धा भाग दक्षिण आफ्रिकेत आहे. ऑस्ट्रेलियातल्या अर्ध्यात ताटल्या नाहीत. माणसापेक्षा किंचित उंच, तारांच्या झाडासारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये बांधकाम सुरू झाले. भारतही या उद्योगात भागीदार आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर केले, आणि एवढा पसारा चालवायचा कसा याच्या आराखड्याचे नेतृत्व पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने केले. बत्तीस ताटल्यांचे उसने असे फिटते आहे म्हणायचे.

हा मुलगा मला पत्रे लिहितो. संगणकावर का होईना, पण ‘तीर्थरूप सरांना साष्टांग नमस्कार’ असा मायना घालून लिहितो. त्याच्या पत्रांतून मला तो मुलूख दिसू लागला.

त्या भागाचे नाव मर्चिसन. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याच्या तिप्पट. लोकवस्ती किती? शे-दीडशे! चुकून शून्ये गळलेली नाहीत. एका वरातीत जेवढी माणसे असतात तेवढी तीन जिल्ह्यांत विखुरली तर जसे दिसेल तसा तो मुलूख. त्यात एकही गाव नाही. कचेरी आहे, रस्त्याकडेला पेट्रोल आणि चहा मिळण्याची एक जागा आहे, पण ज्याला गाव म्हणावे ते नाही. आहेत ती गुरा-मेंढ्यांची विस्तीर्ण कुरणे. वेधशाळा ज्या बुलार्डी नावाच्या कुरणावर आहे ते एकटेच साडेतीन हजार चौरस किलोमीटरांचे आहे. आपले दोन तालुके त्यात सहज मावतील. पाऊस बेताचा, माती तांबडी, रस्ता धुळीचा. संध्याकाळी कांगारू आडवे येतात म्हणून मोटारीच्या पुढे लोखंडी कठडा बसवतात. समोरून दुसरी मोटार आली तर चालक चाकावरचे एक बोट उचलून नमस्कार करतो. ओळख असो वा नसो. “सर, सबंध दिवसात असे तीन नमस्कार झाले तर रहदारी वाढली म्हणायचे,” असे त्याने लिहिले आहे.

त्याच्या आईने फोनवर विचारले, “तिथं गाव कोणतं रे?”

“गावच नाही, आई.”

“मग जत्रा कुठं भरते?”

या प्रश्नावर हसणे सोपे आहे, मीही हसलो. पण नंतर वाटले, बाईने नेमक्या जागी बोट ठेवले. कुरणावरचे शेजारी पन्नास-पन्नास किलोमीटर दूर. अशा ठिकाणी माणसाला माणूस भेटतो कसा? त्याचे उत्तर त्या देशाने फार पूर्वी शोधले, आणि ते उत्तर होते रेडिओ. दूरच्या वस्तीवर कोणी आजारी पडले तर डॉक्टरने विमानातून जावे, ही जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाची कल्पना. १९२८ मध्ये ती प्रत्यक्षात आली. पण डॉक्टरला बोलावणार कसे? तारा नाहीत, वीज नाही. तेव्हा आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने १९२९ मध्ये पायाने चालणारा रेडिओ सिद्ध केला. खुर्चीत बसायचे, सायकलीसारखी पायटी मारायची, त्यातून वीज निर्माण होणार आणि त्या विजेवर हाक जाणार. एखादी आई कडेवर तापाने फणफणलेले मूल घेऊन पायटी मारते आहे आणि कोसांमागून कोस उजाड माळावरून तिची हाक जाते आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. पुढे १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे याच साधनावर शाळा सुरू झाली. मुले घरी, मास्तरीण दूर गावी, आणि वर्ग भरतो हवेत! तिथे ‘शांतता राखा’ म्हणण्याचा प्रसंग मास्तरणीवर येत नसणार. उलट कोणीतरी बोला, अशी विनवणी तिला करावी लागत असेल.

ज्या देशाचा रानटापू रेडिओवर जगला, त्याच्याच एका कोपऱ्यात आता रेडिओला बंदी आहे. वेधशाळेभोवती २६० किलोमीटरांपर्यंत रेडिओ-लहरींवर कमीअधिक निर्बंध आहेत. का? तर तिथे माणसे नाहीत म्हणून. माणूस नाही म्हणजे गोंगाट नाही.

पण ‘माणसे नाहीत’ हे तरी कितपत खरे? माझ्या विद्यार्थ्याने एका पत्रात मला चांगलेच टोकले. त्या भूमीवर वाजारी यामाजी लोक राहत आले आहेत. गोरा माणूस मेंढ्या घेऊन यायच्या हजारो वर्षे आधीपासून. आकाशातले त्यांचे चित्र आपल्याहून न्यारे. आपण तारे जोडून मृग काढतो, व्याध काढतो. ते लोक तारे सोडून काळोख पाहतात. आकाशगंगेतल्या काळ्या डागांचा मिळून त्यांना एक प्रचंड एमू पक्षी दिसतो, आणि तो कसा उभा आहे यावरून एमूची अंडी गोळा करण्याचा हंगाम कळतो. मामांना मी हे सांगितले तेव्हा ते मुळीच चकित झाले नाहीत. “मंजी मृगाचं वाहन,” ते म्हणाले. “आपल्या पंचांगात बेडूक असतो, म्हैस असती. त्यांचा एमू.”

या लोकांशी वेधशाळेने लेखी करार केले, पहिला २००९ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये. वेधशाळेला त्यांच्या भाषेत नाव दिले: इन्यारीमान्हा इल्गारी बुंदारा. अर्थ, आकाश आणि तारे वाटून घेणे. तिथे आधीपासून असलेल्या छत्तीस ताटल्यांच्या दुर्बिणीतल्या अँटेनांनाही वाजारी नावे आहेत. एकीचे नाव विलारा, म्हणजे चंद्र. एकीचे बिल्यार्ली, हे एका पोपटाच्या जातीचे नाव.

इथे माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. आमच्या खोडदच्या ताटल्यांची नावे काय? सी-शून्य-एक. डब्ल्यू-शून्य-चार. ई-शून्य-दोन. ज्या तालुक्यात बैलांची नावे ऐकली तरी कविता वाटावी, जिथे शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, तिथे तीस ताटल्या बिननावाच्या उभ्या आहेत. हिशेबाला आकडेच सोयीचे हे मलाही कळते. पण छत्तीस वाजारी नावे ज्यांना अडचणीची झाली नाहीत, त्यांचे शास्त्र काही कच्चे नव्हते.

नावांचे एक वेळ राहू द्या. मामांचे दुखणे वेगळे आहे.

पुणे-नाशिक रेल्वेची आशा या पट्ट्याने फार वर्षे धरली. आखलेला मार्ग नारायणगावच्या भागातून जाणार होता. टोमॅटो, द्राक्षे, कांदा गाडीत चढणार होता, पोरे पुण्याला शिकून संध्याकाळी घरी येणार होती. पण विजेवर धावणारी गाडी म्हणजे रेडिओ-लहरींचा मोठा उठाव. २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी या मार्गाला नकार देताना खोडदच्या दुर्बिणीचेच कारण पुढे केले, आणि अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूने वळशाचा मार्ग सुचवला. जुन्नर-आंबेगावात संताप उसळला. त्याआधीही दुर्बिणीच्या परिसरात कारखाने येण्यावर बंधने होतीच.

“मास्तर,” मामा ओट्यावर बसून म्हणाले, “तुमच्या त्या आस्ट्रेलियात शंभर माणसं गप्प बसली. त्यांना बोलायला शेजारीच न्हाई. आम्ही हितं लाखानं हाय. आमी गप बसायचं मंजी काय, ह्याचा हिशेब कुणी केलाय का?”

“दुर्बीण नको होती म्हणता?”

“तसं म्या कवा म्हनलं?” मामा एकदम उसळले. “जगातनं लोकं येत्यात. गावाचं नाव झालं. पर नावावर कांदा जात न्हाई ना मुंबईला.”

मला उत्तर सुचले नाही. मी शास्त्राच्या बाजूने बोलायला गेलो असतो, पण माझा कांदा कोठे सडत होता? शांतता फुकट मिळते असा शहरातल्या माणसाचा समज असतो. मर्चिसनच्या माळावर ती जागेच्या भावात मिळाली, आणि तिथेही करारपत्र करावे लागले. खोडदला ती भरल्या गावाने, पिकत्या जमिनीने, वाढत्या पोरांनी द्यायची आहे. तिचे मोल चुकते करायचे तर रेल्वे नाही तर दुसरे काही, पण ते कागदावर उतरले पाहिजे, आणि ते उतरवताना मामांना बैठकीला बोलावले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते तिथे मुद्देसूद बोलतील. जुन्नर तालुक्याचा माणूस आहे.

आणि तरीही, २०२३ च्या जूनअखेरीस वर्तमानपत्रात आलेली बातमी मी मामांना वाचून दाखवली होती, ती मला आठवते. आकाशात काही मृत तारे घड्याळासारखे ठोके देतात. वर्षानुवर्षे ते ठोके मोजून, अवघ्या विश्वात अगदी संथ गुरुत्वीय लहरी उठत असल्याचा पुरावा मिळाल्याचे जगातल्या निरनिराळ्या गटांनी एकाच वेळी जाहीर केले. युरोपच्या गटाबरोबर खोडदचे ठोके होते, ऑस्ट्रेलियाच्या गटाकडे पार्क्सचे. मामांनी चष्मा काढून पुसला आणि विचारले, “आपलं मोजमाप त्यांच्याशी जुळलं का?” जुळले म्हटल्यावर त्यांनी पुढचे काही विचारले नाही, पण त्या दिवशी पाहुण्यांना त्यांनी ही बातमी दोनदा सांगितली.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, दुर्बीण सर्वांना खुली असते. आसपासच्या शाळांची पोरे पुठ्ठ्याचे, बाटल्यांचे, मोटारींचे प्रयोग मांडून बसतात, आयाबाया कडेवर मुले घेऊन ताटल्यांखालून फिरतात, बाहेर भेळेच्या गाड्या लागतात. माझा विद्यार्थी सातवीत असताना इथेच एक डळमळणारा प्रयोग घेऊन बसला होता. त्याच्या आईला विचाराल तर खोडदची ही दुसरी जत्राच.

परवा त्याचे पत्र आले. गेल्या दिवाळीत तो आठवडाभर आत, कामाच्या जागी अडकला होता. विजेची माळ लावायची तर तिच्यातून लहरी निघतात की काय याची चौकशी. पणती लावायची तर वणव्याची भीती. म्हणून त्याने तांबड्या कागदाचा आकाशकंदील केला आणि आत दिवा न घालताच खोलीच्या दारात टांगला. त्याच्याबरोबर काम करणारा वाजारी गृहस्थ बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. दिवा नसलेला दिवा कशासाठी, असे त्याने विचारले. याने सांगितले, घर वाट पाहते आहे हे वरच्यांना कळावे म्हणून. त्यावर तो म्हणाला, “मग याला आमच्या भाषेत नाव द्यायला हवे. तुमच्या नावाचा अर्थ सांग.”

तेव्हा विद्यार्थ्याने मला विचारले आहे, “सर, ‘कंदील’ शब्द मुळात आपला की बाहेरचा?” कंदील अरबीतून आला, हे मी त्याला लिहिणार आहे. आकाश मात्र आपलेच आहे, असेही आधी लिहिले होते. मग ते वाक्य खोडले.